दिवे लावले, गस्त वाढवली आणि गुन्हे घटले. पण श्रेय धोरणाचेच आहे हे कसे ठरवायचे?

प्रश्न: जिज्ञासू_म

नमस्कार. सार्वजनिक धोरण या विषयातील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी मोठ्या शहरांतील गुन्हेगारीवर प्रशासनाच्या निर्णयांचा किती परिणाम होतो, याचा अभ्यास करत आहे. ज्या शहराची आकडेवारी मला मिळाली आहे, तेथे जानेवारी २०२२ पासून काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत रस्त्यांवर प्रखर दिवे बसवण्यात आले आणि त्याच भागांत रात्रीची गस्तही वाढवण्यात आली. प्रबंध पूर्ण होईपर्यंत शहराचे नाव देता येणार नाही, त्याबद्दल क्षमस्व. हे भाग निवडताना निकष एकच होता: २०२१ च्या शेवटच्या तीन महिन्यांत ज्या ठाण्यांकडे जबरी चोरी आणि घरफोडीच्या सर्वाधिक नोंदी झाल्या, ती ठाणी घ्यायची.

माझ्याकडे जानेवारी २०१८ ते डिसेंबर २०२३ या काळातील ठाणेनिहाय मासिक नोंदी आहेत आणि गुन्हा घडल्याची वेळही त्यांत दिलेली आहे. निवडलेल्या ठाण्यांत पहिल्याच वर्षी दोन्ही प्रकारचे गुन्हे ठळकपणे घटले, तर उर्वरित शहरात फारसा फरक पडला नाही. प्रशासनाच्या अहवालात ही घट योजनेचे यश म्हणून मांडली आहे. मला तसे लिहिण्यापूर्वी खात्री करून घ्यायची आहे. आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची तुलना पुरेशी नाही एवढे मला ठाऊक आहे, परंतु तिच्या जागी नेमके काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर: सांख्यिक

तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ठाण्यांच्या निवडीविषयीचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एखाद्या ठाण्यात घरफोड्यांची दीर्घकालीन सरासरी महिन्याला ४० आहे असे समजू. हा आकडा दर महिन्याला तंतोतंत ४० येत नाही. कधी ३३ येतो, कधी ४७ येतो, आणि एखाद्या वाईट महिन्यात एकच टोळी सक्रिय झाली तर ५८ पर्यंतही जातो. आता ५८ हा आकडा पाहून ते ठाणे योजनेत घेतले आणि काहीही परिणाम नसलेली योजना तेथे राबवली, तरी पुढच्या महिन्यांत आकडा ४० च्या आसपास परतण्याचीच शक्यता अधिक आहे. समजा तो ४३ झाला. अहवालात मात्र २६ टक्के घट अशी नोंद होईल. सरासरीकडे परतण्याची ही प्रवृत्ती धोरणांच्या मूल्यमापनात इतक्या वेळा यश म्हणून खपून जाते की, सर्वाधिक बाधित भाग निवडले हे वाक्य कोणत्याही अहवालात दिसले की मी तिथेच थांबतो आणि निवडीपूर्वीची दोन-तीन वर्षे आधी पाहतो.

तुमच्याकडे ती वर्षे आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. पहिले काम असे करा: २०१८ मधील कोणतीही सलग तिमाही घ्या, तिच्यातील सर्वाधिक नोंदींची ठाणी याच निकषाने निवडा आणि पुढच्या वर्षी त्यांत किती घट झाली ते मोजा. त्या काळात योजनाच नव्हती, त्यामुळे जी घट दिसेल ती केवळ निवडीच्या पद्धतीतून आलेली असेल. हीच कृती अनेक तिमाहींसाठी करा. २०२२ ची घट या काल्पनिक घटींपेक्षा स्पष्टपणे मोठी निघाली, तरच पुढे बोलण्यासारखे काही आहे. २०२० आणि २०२१ ही वर्षे मात्र या कामासाठी वापरू नका. टाळेबंदीच्या काळात २३ देशांतील २७ शहरांचा जो एकत्रित अभ्यास झाला, त्यात नोंदलेले गुन्हे सरासरी ३७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि खुनांमधील घट त्यापेक्षा बरीच कमी होती. म्हणजे त्या दोन वर्षांत गुन्ह्यांची पातळी तर बदललीच, शिवाय कोणत्या प्रकारच्या गुन्ह्याचा वाटा किती, हेही बदलले.

दुसरे काम तुलनेचे. योजना राबवली नसती तर निवडलेल्या ठाण्यांत काय झाले असते, हे कधीच दिसत नाही. ते कशावरून तरी अनुमानावे लागते. संपूर्ण उर्वरित शहर हा त्यासाठी चांगला आधार नाही, कारण त्यात शांत निवासी भागही येतात. निकषाच्या रेषेच्या जरा खाली राहिल्यामुळे जी ठाणी थोडक्यात वगळली गेली, ती घ्या. रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या ठाण्यांत मूलभूत फरक असण्याचे कारण नाही. शिवाय तीही त्याच तिमाहीत चढलेली होती, त्यामुळे सरासरीकडे परतण्याचा परिणाम दोन्हींकडे जवळपास सारखा असेल. दोन्ही गटांतील बदल मोजा आणि एकातून दुसरा वजा करा. त्याआधी २०१८ ते २०१९ मध्ये दोन्ही गटांचे आलेख एकमेकांच्या सोबतीने चालत होते का, हे अवश्य तपासा; ते चालत नसतील तर वजाबाकीला अर्थ उरत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्याकडे गुन्ह्याची वेळ आहे म्हणून सुचते. दिवे आणि गस्त दोन्ही रात्रीचे उपाय आहेत. दिवसा घडलेल्या घरफोड्याही तेवढ्याच प्रमाणात घटल्या असतील, तर त्या घटीमागे योजनेव्यतिरिक्त दुसरे काहीतरी आहे असा संशय घ्यावा लागेल. दिव्यांचा परिणाम किती आणि गस्तीचा किती, हे मात्र या आकडेवारीतून वेगळे काढता येणार नाही, कारण दोन्ही उपाय एकाच वेळी आणि एकाच ठिकाणी सुरू झाले. तो दावा प्रबंधात करू नये.

उत्तर: नगरवाचक

सांख्यिक यांच्याशी मी सहमत आहे, परंतु त्यांनी आकडा आहे तसा स्वीकारला आहे आणि माझी शंका आकड्याच्याच जन्माविषयी आहे. पोलीस ठाण्यातील नोंद तयार होण्यासाठी गुन्हा घडावा लागतो, पीडिताला तो गुन्हा वाटावा लागतो, त्याने ठाण्यात जावे लागते आणि तेथील अधिकाऱ्याने तो दाखल करून घ्यावा लागतो. यांपैकी शेवटच्या तिन्ही पायऱ्या धोरणामुळेच बदलू शकतात. गस्त वाढली की पोलीस अधिक भेटतात, त्यामुळे तक्रारी वाढू शकतात. उलट वरिष्ठांनी आकडे खाली आणण्याचा आग्रह धरला तर जबरी चोरीची नोंद साधी चोरी म्हणून होऊ शकते. दोन्ही परिस्थितींत प्रत्यक्ष गुन्हेगारी तेवढीच राहते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००२ पासून गुन्हे नोंदवण्याचे एकसमान निकष लागू झाले, तेव्हा पोलिसांकडील हिंसक गुन्ह्यांच्या नोंदी वाढल्या. त्याच काळात घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या पीडित सर्वेक्षणात तशी वाढ दिसली नाही. पुढे जानेवारी २०१४ मध्ये तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हे-आकडेवारीला दिलेला अधिकृत राष्ट्रीय सांख्यिकीचा दर्जाच काढून घेतला, कारण नोंदींच्या विश्वासार्हतेबद्दल गंभीर प्रश्न उपस्थित झाले होते. ज्या देशात १९८० च्या दशकापासून स्वतंत्र सर्वेक्षण चालते, तिथे ही अवस्था होती.

वेल्समधील कार्डिफ शहराचे उदाहरण तर मला प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे इतके मोलाचे वाटते. तेथे रुग्णालयाच्या अपघात विभागात येणाऱ्या जखमींकडून मारहाण कुठे झाली, केव्हा झाली आणि कोणत्या हत्याराने झाली, ही माहिती नाव न घेता गोळा करून पोलीस आणि नगर प्रशासनाला दिली जाऊ लागली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कार्डिफमध्ये दर लाख लोकसंख्येमागे महिन्याला ७ वरून ५ वर आले, तर तुलनेसाठी घेतलेल्या शहरांत ते ५ वरून ८ वर गेले. आता पोलिसांच्या नोंदी पाहा: किरकोळ मारहाणीच्या नोंदी कार्डिफमध्ये दर लाखामागे १५ वरून २० झाल्या आणि तुलनेच्या शहरांत उलट घटल्या. फक्त किरकोळ मारहाणीच्या पोलीस नोंदी पाहणाऱ्याने योजना फसली असे लिहिले असते. अभ्यासकांनी रुग्णालयाच्या नोंदी सोबत ठेवल्या, म्हणूनच ही वाढ गुन्ह्यांची नसून नोंदणी सुधारल्याची असावी, हे लक्षात आले.

तेव्हा तुमच्या शहरातील रुग्णालयांच्या नोंदी, नियंत्रण कक्षाला आलेले दूरध्वनी आणि वाहनचोरीचे विम्याचे दावे, यांपैकी काहीतरी एक मिळवाच. पोलीस तक्रारीशिवाय वाहनचोरीचा विम्याचा दावा अडतो, म्हणून ही चोरी बहुधा नोंदली जाते. खुनाची नोंदही सहसा टळत नाही. या दोन आकड्यांना मी इतरांपेक्षा अधिक वजन देतो.

उत्तर: वेधशाळा

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी थोडी व्यापक पार्श्वभूमी देतो, कारण प्रबंधात पूर्वसंशोधनाचे प्रकरण लिहावेच लागेल.

पोलिसांची संख्या आणि गुन्हे यांचा साधा सहसंबंध काढला, तर अनेकदा पोलीस जास्त असलेल्या शहरांत गुन्हेही जास्त दिसतात, कारण गुन्हे वाढले की शहरे भरती वाढवतात. कारण आणि परिणाम असे दोन्ही दिशांनी गुंतलेले असल्यामुळे, गुन्ह्यांशी संबंध नसलेल्या कारणाने पोलीस वाढले असे प्रसंग संशोधक शोधत आले आहेत. अमेरिकी अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी १९९७ मध्ये तेथील महापौर व राज्यपालांच्या निवडणुकांच्या वर्षी होणारी भरती यासाठी वापरली. २००२ मध्ये जस्टिन मॅक्रेरी यांनी त्या गणनेतील चूक दाखवली आणि दुरुस्तीनंतर निष्कर्ष बराच डळमळीत झाला. अशी फेरतपासणी शक्य व्हावी म्हणून आपली गणना इतरांना तपासता येईल अशा रीतीने जपून ठेवावी.

याहून स्वच्छ पुरावा दोन दुःखद घटनांतून मिळाला. १८ जुलै १९९४ रोजी अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स येथील ज्यू समाजाच्या केंद्रावर बॉम्बहल्ला झाला आणि त्यात ८५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर शहरातील ज्यू व मुस्लिम संस्थांबाहेर चोवीस तास पोलीस पहारा बसवण्यात आला. या संस्था कुठे आहेत याचा वाहनचोरीशी काही संबंध नव्हता, म्हणून ही निवड संशोधनाच्या दृष्टीने जवळपास योगायोगासारखी होती. डी टेला आणि शारग्रोड्स्की या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की पहारा असलेल्या चौकात वाहनचोरी सुमारे ७५ टक्क्यांनी घटली, पण एक-दोन चौक पलीकडे त्याचा काहीही मागमूस नव्हता. लंडनमध्ये जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांनंतर मध्यवर्ती भागांत सहा आठवडे पोलीस बळ ३० टक्क्यांहून अधिक वाढवण्यात आले. गुन्हे घटले, आणि पोलीस मागे घेतल्यावर ते पुन्हा वाढले. उपाय काढून घेतल्यावर काय होते, हे पाहायला मिळणे दुर्मीळ असते. तुमच्या शहरात एखाद्या ठाण्यातील जादा गस्त मध्येच बंद झाली असेल, तर ते महिने वगळू नका, उलट त्यांच्याकडे विशेष लक्ष द्या.

प्रत्यक्ष प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये १५ गस्तक्षेत्रांचे तीन गट करून एका गटात नेहमीची वाहनगस्त बंद केली, दुसऱ्यात ती दुप्पट-तिप्पट केली आणि तिसऱ्यात पूर्वीसारखी ठेवली. गुन्ह्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. गस्तीचा उपयोग नाही असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. पण पुढे अमेरिकेतीलच मिनियापोलिसमध्ये असे दिसले की शहरातील सुमारे ३ टक्के पत्त्यांवरूनच पोलिसांना येणारे निम्मे दूरध्वनी येत होते. मग तेथील ११० अतिसंवेदनशील ठिकाणे घेऊन त्यांपैकी निम्म्या ठिकाणी यादृच्छिक निवडीने गस्त वाढवली, तेव्हा गुन्ह्यांविषयीचे दूरध्वनी ६ ते १३ टक्क्यांनी घटले. गस्त किती आहे याइतकाच ती नेमकी कुठे आहे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, आणि ठाण्याच्या संपूर्ण हद्दीची सरासरी काढली की नेमके तेच झाकले जाते.

दिव्यांबाबत दोन परस्परविरोधी वाटणारे अभ्यास एकत्र वाचा. न्यूयॉर्कमधील सार्वजनिक गृहसंकुलांत २०१६ मध्ये यादृच्छिक निवडीने प्रकाशमनोरे उभारले गेले आणि तेथे रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. दुसरीकडे, इंग्लंड आणि वेल्समधील ६२ स्थानिक प्रशासनांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रस्त्यांवरील दिवे मंद केल्याने किंवा काही तास बंद ठेवल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. पहिल्या ठिकाणी अतिशय प्रखर मनोरे सर्वाधिक गुन्हेगारी असलेल्या संकुलांत लावले होते, दुसऱ्या ठिकाणी सामान्य रस्त्यांवरचा प्रकाश कमी केला होता. त्यामुळे दिव्यांनी गुन्हे घटतात का, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणते दिवे, कुठे आणि आधी किती अंधार होता, हे सांगितल्याशिवाय तो प्रश्नच अपुरा राहतो.

प्रतिप्रश्न: जिज्ञासू_म

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. नियंत्रण कक्षाला आलेल्या दूरध्वनींची नोंद मिळण्याची शक्यता आहे. तसा अर्ज करते. दोन अडचणी मात्र उरतात. निकषाच्या रेषेखालील जी ठाणी तुलनेला घ्यायची, त्यांतील काहींची हद्द योजनेतील ठाण्यांना लागूनच आहे. गुन्हेगार पलीकडच्या हद्दीत सरकले असतील तर माझी तुलनाच बिघडणार नाही का? दुसरे असे की काही ठाण्यांत जबरी चोरीच्या नोंदी महिन्याला तीन-चारच असतात आणि माझे मार्गदर्शक सर्व आकडे दर लाख लोकसंख्येमागे मांडण्याचा आग्रह धरतात. या दोन्हींचा मेळ कसा घालावा?

उत्तर: सांख्यिक

शंका अगदी रास्त आहे. गुन्हे शेजारी सरकले, तर एकच घटना हिशेबात दोनदा धरली जाते, कारण योजनेच्या बाजूने ती वजा होते आणि तुलनेच्या बाजूला मिळवली जाते. त्यामुळे परिणाम आहे त्याहून मोठा दिसतो. उलट गस्तीचा वचक शेजारच्या भागातही पसरला असेल, तर परिणाम लहान दिसेल. म्हणून लगतची ठाणी तुलनेतून काढून त्यांचा तिसरा गट करा आणि त्यांच्यात काय झाले हे स्वतंत्रपणे मांडा. कोलंबियातील बोगोटा येथे २०१६ मध्ये १,९१९ रस्त्यांच्या तुकड्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात नेमका हाच प्रश्न पुढे आला होता: मालमत्तेविषयीचे गुन्हे आजूबाजूला सरकल्याची चिन्हे होती, हिंसक गुन्ह्यांबाबत तसे दिसले नाही. वेधशाळा यांनी सांगितलेल्या ब्युनोस आयर्सच्या अभ्यासात परिणाम चौकापुरताच होता. म्हणजे सरकण्याबद्दल आधीच गृहीत धरू नये, आपल्या शहरापुरते ते मोजूनच ठरवावे.

लहान आकड्यांबाबत. वर्षाला सरासरी २५ घटना होत असतील, तर निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार साधारण ५ चा असतो, त्यामुळे २५ वरून २० ही घट २० टक्क्यांची दिसली तरी ती योजनेशिवायही सहज घडू शकते. महिन्याला तीन-चार घटनांवर टक्केवारी काढूच नका. घटनांच्या संख्येसाठी असलेली पॉयसाँ किंवा ऋण द्विपद प्रतिमाने वापरा, तिमाही एकत्र करा आणि प्रत्येक निष्कर्षासोबत अनिश्चिततेची मर्यादा द्या. योजनेतील ठाणी थोडी असल्यामुळे नेहमीची प्रमाण त्रुटीही (अंदाज किती चुकू शकतो याचे माप) फसवी ठरते. त्याऐवजी तुलनेच्या ठाण्यांतून तेवढीच ठाणी वारंवार यादृच्छिकपणे निवडून, जणू योजना तिथेच होती असे मानून गणना करा, आणि खरा निकाल त्या खोट्या निकालांच्या वाटपात कुठे बसतो ते पाहा.

दर लाख लोकसंख्येचा आग्रह शहरा-शहरांच्या तुलनेत योग्य आहे, एका शहराच्या आत तो दिशाभूल करतो. व्यापारी पेठेच्या हद्दीत राहणारे लोक मोजके असतात, परंतु दिवसभरात तिथे लाखोंची ये-जा होते. तिथला दर निवासी लोकसंख्येवर काढला तर तो भाग अकारण भयंकर दिसतो. प्रत्येक ठाण्याची स्वतःच्याच पूर्वीच्या आकड्यांशी तुलना केल्यावर हा दोष बराचसा गळून पडतो, कारण एवढ्या अवधीत हद्दीतील लोकसंख्या क्वचितच फार बदलते. घरफोडीसाठी भाजक म्हणून घरांची संख्या आणि वाहनचोरीसाठी वाहनांची संख्या घेतली, तर मार्गदर्शकांचाही आक्षेप राहू नये.

उत्तर: वसुधा_क

चर्चा वाचत होते. एक बाजू राहून गेली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२४५ खून झाले आणि २००० साली ६७३. पोलिसांच्या नव्या कार्यपद्धतीला याचे भरभरून श्रेय मिळाले. परंतु त्याच दशकात ती कार्यपद्धती न स्वीकारलेल्या सॅन डिएगोमध्येही खून मोठ्या प्रमाणावर घटले आणि कॅनडातील गुन्हेगारीही उतरली. संपूर्ण शहराला एकाच वेळी लागू होणाऱ्या धोरणात तुलनेसाठी शहरातील ठाणी उरतच नाहीत. अशा वेळी इतर अनेक शहरांच्या भारित सरासरीतून एक कृत्रिम जुळे शहर तयार करण्याची, अर्थतज्ज्ञ अल्बर्टो आबादी आणि सहकाऱ्यांची पद्धत उपयोगी पडते. तुमच्याकडे ठाणेनिहाय फरक आहे म्हणून तिची गरज नाही, पण पूर्वसंशोधनात तिचा उल्लेख असावा.

मला मुख्यतः पुढचे सांगायचे आहे. न्यूयॉर्कमध्येच रस्त्यावर लोकांना थांबवून झडती घेण्याच्या घटना २०११ मध्ये सुमारे ६ लाख ८५ हजार होत्या. त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांचे प्रमाण प्रचंड होते. ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती संविधानविरोधी असल्याचा निर्णय २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने दिला आणि २०१५ पर्यंत हा आकडा सुमारे २३ हजारांवर आला. झडत्या थांबल्या तर खून वाढतील असा इशारा दिला जात होता. प्रत्यक्षात २०११ मध्ये ५१५ असलेले खून २०१७ मध्ये २९२ झाले. यावरून झडत्यांचा परिणाम शून्य होता असे सिद्ध होत नाही, कारण हीसुद्धा एक आधी-नंतरचीच तुलना आहे. पण एवढे निश्चित की लाखो निरपराध माणसांना थांबवले गेले, आणि त्यांच्या वाट्याला आलेला अपमान गुन्ह्यांच्या कोणत्याही तक्त्यात उमटला नाही.

तुमच्या योजनेत रात्रीची गस्त आहे. या गस्तीदरम्यान किती जणांना थांबवले, किती जणांवर किरकोळ कारवाई झाली आणि पोलिसांविरुद्ध किती तक्रारी आल्या, हे आकडे ठाणेनिहाय असतात. नियंत्रण कक्षाच्या नोंदींसाठी अर्ज करणारच आहात, तर त्याच अर्जात २०१८ पासूनचे हेही आकडे मागा. ते मिळाले तर सांख्यिक यांनी सांगितलेली सर्व गणना त्यांच्यावरही करा आणि दोन्ही निकाल प्रबंधाच्या एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी द्या.